दंडाच्या पावत्या

एल.एल.बी.च्या पोरांना जमिनीचा कायदा नावडतो. खुनाचा खटला रंगतो, राज्यघटनेवर भाषण ठोकता येतं, लग्न-घटस्फोटाचा पेपर कसाही निघून जातो. जमिनीचा म्हणजे नुसते नमुने, नोंदी, कलमं, पोटकलमं. आपली पोरं तर त्याला हातच लावत नाहीत. नागपूरला होस्टेलात माझा एक दोस्त म्हणायचा, "ज्याच्या बापाले धुरा नाही, त्यानं धुऱ्याचा कायदा काहून वाचावा बे?" सगळी खोली हसायची. दोस्तांनो, हा प्रश्न उलटा करून बघा. आपल्या बापाला धुरा का नाही, हे ज्या पुस्तकात लिहिलेलं आहे ते हेच पुस्तक. ते आपण वाचत नाही आणि ज्यांच्याकडं शंभर धुरे आहेत ते पाठ करून बसतात. म्हणून हा लेख.

मी कुही तालुक्यातल्या एका खेड्याचा. नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, एका अंगाला उमरेड, दुसऱ्या अंगाला भंडारा. धान, तूर, मिरची. मांढळ-कुहीकडं मिरचीचे सातरे लागतात. आपल्या मायबहिणी हंगामभर तिथं बसून मिरचीचे देठ खुडतात आणि रात्री हाताची आग होते म्हणून झोपत नाहीत. मिरचीचा भाव पेपरात येतो, हाताची आग येत नाही.

याच मांढळला जमिनीतून वाकाटक राजांचे ताम्रपट निघाले. दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन, दुसरा पृथ्वीषेण. चौथ्या-पाचव्या शतकातली गोष्ट. त्यांत काय लिहिलंय? राजानं ब्राह्मणांना जमीन दिली. वाकाटकांच्या अशा दानपत्रांतला मजकूर ठरलेला असतो. गावात शिपायांनी शिरायचं नाही, अमुक अमुक कर घ्यायचा नाही, जमिनीत धन सापडलं तर तेही दान घेणाऱ्याचंच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत एकटाच बसलो होतो. म्हटलं, हा तर आमच्या तालुक्याचा तांब्यावरचा सात-बारा. पंधराशे वर्षं मातीत राहिला तरी त्यावरची नावं पुसली नाहीत. त्या जमिनीवर तेव्हा नांगर कोण धरत होतं? त्याचं नाव तांब्यावरही नाही आणि कागदावरही नाही.

आता तांब्यावरून कागदावर येऊ. मराठ्यांच्या राज्यात गावाचा सारा गोळा करून देणारा जो माणूस होता त्याला इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावाचा मालकच करून टाकलं. तो मालगुजार. शेत त्याचं, तलाव त्याचा, जंगल त्याचं, आणि आमचा आजा त्याच्या घरचा सालदार. पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या माणसांना निदान महार वतनाचा तुकडा तरी होता. तो गुलामीचा तुकडा होता हे बाबासाहेबांनी ओळखलं, १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. आमच्या नागपुरी मुलखात बहुतेकांपाशी तोही तुकडा नव्हता. इकडं कोतवालकी, विणकाम, नाहीतर मालगुजाराचं शेण-पाणी.

स्वातंत्र्य आलं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. १९५० चा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. आमच्या आज्यानं त्या दिवशी गुलाल बघितला असं बाप सांगतो. पण कायदा नीट वाचा. मालगुजाराची सीर आणि खुदकास्त जमीन, म्हणजे घरची शेती, त्याच्याकडंच राहिली. सरकारजमा झालं ते पडीक, झुडूप, तलाव, चराई. गावाची चांगली काळी जमीन मालगुजाराची ती मालगुजाराचीच, आणि मुरूम सरकारचा.

मग १९५८ साली विदर्भासाठी वेगळा कूळकायदा आला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण आजही देतो. परीक्षेसाठी मी तो कायदा तीनदा वाचला. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ मानावा, पण मजुरीवर ठेवलेला नोकर मात्र कूळ नाही, असं त्यात साफ लिहिलं आहे. म्हणजे आमचा आजा पहाटे चारला उठून नांगर जुंपायचा, तरी कायद्याच्या डोळ्यांनी तो कसत नव्हता. कसत होता मालक, जो पलंगावर झोपला होता. घोषणेतला 'कसेल' आणि कायद्यातला 'कसेल' हे दोन वेगळे शब्द आहेत. हे कळायला मला तीन वर्षांचा कोर्स लागला. मग सीलिंगचा कायदा, १९६१ चा. १९७५ पासूनच्या हिशेबानं कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा. मर्यादा लागायच्या आधीच राज्यभर जमिनी पोरांच्या, सुनांच्या, गड्यांच्या नावावर चढल्या. काही ठिकाणी सालदाराच्या नावावर चढल्या आणि सालदाराला त्याचा पत्ता नव्हता.

आता आमच्या घराची गोष्ट. १९८२ साली आमच्या मोहल्ल्यातल्या चार घरांनी गावच्या गायरानात नांगर घातला. बाप तेव्हा विशीतला. पळसाची खोडं काढली, बोरीचे काटे काढले, दोन उन्हाळे नुसते गोटे वेचले. तीन एकर मुरमाड. पहिल्या साली जवस टाकला तर बियाणंही परत आलं नाही. गावानं आरडाओरड केली, महारांनी गाईचा घास खाल्ला म्हणून. आणि ज्यांचे धुरे गायरानाला लागून होते त्या बड्यांचा नांगर दरसाली दोन तास आत सरकायचा. त्याला कोणी अतिक्रमण म्हणत नव्हतं. त्याला म्हणायचे, धुरा सरकला.

दरसाली तलाठी यायचा, पंचनामा करायचा, दंड फाडायचा. बाप दंड भरायचा. मिरचीची मजुरी आली की त्यातले रुपये बाजूला काढून ठेवायचा, आणि पावती दुमडून माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. माय चिडायची, "चोरीचा दंड भरता अन् वरून कागद जपता." बाप म्हणायचा, "सरकारचा शिक्का हाय त्याच्यावर. फेकाले होते का?" बाप चौथी शिकलेला. कायदा त्याला माहीत नव्हता. पण सरकारचा शिक्का आपल्या नावापुढं एरवी पडत नाही, एवढं त्याला माहीत होतं.

मी २००९ साली एल.एल.बी.ला बसलो. दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा, २८ जानेवारी २०११ ला, सुप्रीम कोर्टाचा जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार हा निकाल आला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावात लोकांनी गावतळं बुजवून त्यावर बांधकाम केलं होतं. कोर्टानं ते हटवायला सांगितलं आणि देशभरच्या सरकारांना हुकूम दिला की गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा. वर्गात सर खूष होते. म्हणाले, फुकट्यांना चाप बसला. वर्गही खूष. माझ्या डोळ्यांपुढं तळं बुजवणारे ते बंगलेवाले नव्हते, बाप होता. निकालाची झेरॉक्स काढून रात्री शेवटपर्यंत वाचली. शेवटाकडं एक ओळ आहे. अपवाद म्हणून अतिक्रमण नियमित करता येईल, जसं की सरकारच्या एखाद्या अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना जमीन पट्ट्यानं दिली असेल तिथं. सर त्या ओळीपर्यंत आले नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत महाराष्ट्र सरकारनंही अतिक्रमणं काढायचा आदेश काढला. तो गावोगाव पोचला. अपवादाची ओळ कुठं पोचली?

त्या रात्रीपासून जमिनीचा कायदा मला पेपर राहिला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिचं कलम ५० सांगतं की सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण कलेक्टरनं काढावं, आकारणी आणि दंड वसूल करावा. पान उलटायचीही गरज नाही, खालीच कलम ५१. अतिक्रमण करणाऱ्याची इच्छा असेल तर कलेक्टर ती जमीन त्यालाच देऊ शकतो. जमिनीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम घ्यावी, अटी घालाव्या, द्यावी. पन्नास हाकलतं, एक्कावन देतं. आमच्या गावात पन्नास कलम सगळ्यांना ठाऊक होतं. एक्कावन कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

पाचपट पैसा आपल्याजवळ कुठून येणार? म्हणून सरकारचे ठराव बघायचे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला. तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मागणी. पुढं १९७८ च्या डिसेंबरात सरकारनं भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचा ठराव काढला. नंतर २८ नोव्हेंबर १९९१ चा ठराव. मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेलं जे अतिक्रमण १४ एप्रिल १९९० ला चालू होतं ते नियमित करावं. तारीख बघा. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. आपण त्या दिवशी मिरवणुकीत नाचत होतो. तीच तारीख आपल्या जमिनीची रेषा होती आणि ती आपल्याला कोणी वाचून दाखवली नाही.

आणि त्या तारखेच्या आधीपासून आपण जमीन कसत होतो याचा पुरावा काय? अतिक्रमणाची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १-ई. आणि दंडाच्या पावत्या.

सुट्टीत घरी गेलो. माळ्यावरचा डबा उतरवला. बाप बघत राहिला, "हे कागद कायले पायजे तुले?" झुरळांनी कडा खाल्लेल्या अकरा पावत्या निघाल्या. त्यांतल्या पाच १४ एप्रिल १९९० च्या आधीच्या. मी बापाला म्हटलं, "बा, हा चोरीचा दंड नाही. हा तुझा ताम्रपट आहे." त्याला ताम्रपट समजला नाही. "मंग जमीन आपली झाली का?" म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही. आता लढता येते, एवढंच.

बाकीच्या तीन घरांत एकही पावती नव्हती. कोणाची घर गळालं त्यात गेली, कोणाची चुलीत. माहितीच्या अधिकारात १-ई ची नक्कल मागितली. दोन घरांची नावं सापडली. चौथं घर एका म्हाताऱ्या विधवेचं. तिचा नवरा १९९४ ला गेला. ती एकटी त्या दोन एकरांत राबत आली. नोंदवहीत आमच्या बापाच्या नावापुढं लिहिलेलं होतं, 'व इतर'. ती आणि तिचा नवरा त्या 'व इतर' मधे होते. एका तलाठ्याचा हात दुखला असेल, किंवा चहा आला असेल, आणि एका घराचं आयुष्य दोन शब्दांत गुंडाळलं गेलं. दोस्तांनो, कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात 'व इतर' नावाच्या माणसाला हक्क नाही. मी अख्खं पुस्तक शोधलं.

चार अर्ज केले. आमच्या अर्जावर मायचंही नाव घातलं. बाप कुरकुरला. मी म्हटलं, देठ खुडून दंड कोणी भरला? गप्प बसला. म्हातारीसाठी शेजारच्या धुऱ्यांच्या माणसांचे जबाब घ्यायला फिरलो. काहींनी तोंड फिरवलं. एक कुणबी म्हातारा मात्र म्हणाला, "मी खोटं कायले बोलू? ती बाई मायासमोर गोटे येचत होती," आणि अंगठा दिला. अर्ज अजून निकालात निघाले नाहीत. २०२२ साली हायकोर्टानं गायरानांवरची अतिक्रमणं काढायचं मनावर घेतलं आणि राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही आल्या. चारही घरांनी लेखी उत्तर दिलं, पावत्यांच्या आणि १-ई च्या नकला जोडल्या. तूर आजही उभी आहे. शेजारच्या एका गावात तशीच नोटीस आली, कागद नव्हते, लोक घाबरून स्वतःच निघून गेले.

कागद नसला की काय होतं हे आमच्या तालुक्यानं गोसीखुर्दच्या वेळीही पाहिलं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्या धरणाचा पाया घातला. वैनगंगेचं पाणी मागं सरकत कुहीतल्या गावांत शिरलं. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीची किंमत मिळायची ती ज्याचा जमिनीत हितसंबंध त्याला. ज्याचं पोट त्या जमिनीच्या मजुरीवर होतं त्याच्या पोटाला त्या कायद्यात हितसंबंध नव्हता. २०१३ चा नवा कायदा आला. त्यात तीन वर्षांपासून तिथं राबणारा शेतमजूरसुद्धा बाधित कुटुंब मानला आहे. पण तोवर आमच्याकडच्या जमिनी जुन्या कायद्यानं घेऊन झाल्या होत्या. आणि नव्या कायद्यातही प्रश्न तोच येणार. तीन वर्षं मजुरी केली, याचा कागद दाखव.

एखादा म्हणेल, कागदानं काय होतं? खैरलांजीच्या भोतमांगेंकडं तर जमीन होती. खरं आहे. खैरलांजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातली. २९ सप्टेंबर २००६. त्या हत्याकांडामागं एका मारहाणीची साक्ष होती आणि त्यांच्या शेतातून जाणाऱ्या वाटेचा वाद होता. वाटेसाठी कायद्यात कलम १४३ आहे. तहसीलदारानं चौकशी करावी, धुऱ्यावरून वाट द्यावी. इतकी साधी गोष्ट. तिच्यासाठी सुरेखाबाई आणि तिन्ही लेकरं मारली गेली, आणि कोर्टात ॲट्रॉसिटीचा कायदा टिकला नाही. तेव्हा मी हे सांगत नाही की सात-बारा हातात आला की जात मेली. मी एवढंच सांगतो की जमिनीवरून होणारा अत्याचार पोलीस ठाण्यात 'आपसातली भांडणं' म्हणून लिहिला जातो, आणि त्याला जमिनीचा गुन्हा म्हणून लिहायला लावायचं असेल तर कलम आपल्याला यायला पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात जमीन बळकावण्याच्या गुन्ह्याची फोड केली आहे. संमतीशिवाय घेणं, भीती दाखवून घेणं, आणि जमिनीचे खोटे कागद तयार करणं, हे सगळं त्यात येतं. आपल्यातले किती कार्यकर्ते फिर्याद लिहिताना हे लिहून घेतात?

आणि आमच्या विदर्भातलं खास प्रकरण म्हणजे झुडपी जंगल. मध्य प्रदेशाच्या काळात जिथं धड झाड येत नाही, नुसतं काटेरी झुडूप, त्या जमिनीला कागदावर 'झुडपी जंगल' असं नाव पडलं. नाव लिहिणाऱ्याच्या मनात चराई होती. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला आणि त्या एका शब्दानं मुरमाचं जंगल झालं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशी हजारो हेक्टर जमीन. त्यांवर शाळा, झोपड्या, स्मशानं, आपले मोहल्ले. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ही जमीन वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी योग्य अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनींना वाट काढून दिली. पुन्हा तारीख, पुन्हा कागद. ज्याच्या हातात जुना हुकूम असेल तो वाचेल.

दोस्तांनो, बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती मोडायचं बिल मांडलं आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. बिलही आणि मोर्चाही. १९४७ ला त्यांनी लिहून ठेवलं की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, गावानं ती सामुदायिक पद्धतीनं कसावी, जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. ते झालं नाही. आता दादासाहेबांच्याच नावानं २००४ पासून योजना आहे. भूमिहीन बौद्ध-दलित कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन, आणि २०१८ पासून पूर्ण अनुदानावर. पण सरकारला विकायला जमीन कोणी काढली तर ना. दादासाहेबांनी सत्याग्रह केला तो हक्काच्या जमिनीसाठी. विकत घेऊन देऊ, ही त्याची पातळ केलेली डाळ.

आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. १९६४ च्या तुरुंगवासाशिवाय १९९१ चा ठराव मला दिसत नाही. पण मोर्च्यानं मिळवलेला हक्क नोंदवहीत चढला नाही तर तो पुन्हा अतिक्रमणच ठरतो. पुढची पिढी पुन्हा दंड भरत बसते. रस्त्यावर जिंकलेली जमीन तलाठ्याच्या टेबलावर हरायची, हे आता बंद झालं पाहिजे.

तेव्हा ज्यांच्या हातात हा अंक पडेल त्यांनी एवढं करावं. आपल्या गावचा १-ई मागा. आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, वही तीच आहे. १-ई मधे कोणाचं नाव आहे, कोण 'व इतर' मधे गेलं, ते लिहून काढा. निस्तार पत्रक बघा. ते फक्त आपल्या विदर्भासाठी संहितेत घातलंय, गावच्या पडीक जमिनीत चराईचा, सरपणाचा हक्क कोणाचा ते त्यात असतं. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की वाचा. हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि एकदा नोंद मंजूर झाली की कलम १५७ प्रमाणे ती खोटी ठरेपर्यंत खरीच धरतात. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, माळ्यावर, पोथीच्या फडक्यात, धान्याच्या कोठीत काही कागद आहेत का. सापडले की झेरॉक्स काढा, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, आणि आपला एखादा पोरगा किंवा पोरगी वकिलीला असेल तर त्याला सांगा, जमिनीचा पेपर सोडू नको. आमच्या मोहल्ल्यातल्या त्या म्हातारीचा अर्ज अजून पडून आहे. तिचं नाव वहीत कसं आणायचं यावर कोणाला काही सुचलं तर मला कळवा.

जय भीम.